ऑटिझमची तपासणी: पांढुर्णा-सौसरच्या आईबाबांसाठी

नागपूरला नेलं, रक्त काढलं, निदान झालं, असं नसतं हं. ऑटिझम रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. डॉक्टर पोराशी खेळतात. साबणाचे फुगे सोडता सोडता मध्येच थांबतात, मागून हाक मारतात, बोट दाखवलं की ते तिकडे बघतं का, हे पाहतात. कानांची तपासणी सांगितली तर टाळू नका. घरचे व्हिडिओ न्याच. परक्या खोलीत पोरं बिथरतात. आणि ‘घरात मराठी, शाळेत हिंदी, म्हणून बोलत नाही’ ही समजूत सोडा. दोन भाषांनी ऑटिझम होत नाही! दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ऑटिझमची मोजपट्टी लावतात: 40 मुद्दे, प्रत्येकी 1 ते 5 गुण, 70 पासून पुढे ऑटिझम. थेरपी मात्र त्याआधीच सुरू करता येते.