तरफेची रायफल, दोन शस्त्रांची मर्यादा आणि लखनौचे वारसदार

लखनौ – आजोबांची दुनळी बंदूक, वडिलांची शिकारी रायफल आणि स्वसंरक्षणासाठी घेतलेले एखादे रिव्हॉल्व्हर. अवधच्या जुन्या जमीनदार घराण्यांत एका व्यक्तीच्या परवान्यावर अशी तीन शस्त्रे असणे कायद्याला मान्य होते. 2019च्या शस्त्र (सुधारणा) कायद्याने ही मर्यादा दोनवर आणली आणि प्रत्येक घरापुढे एकच प्रश्न उभा राहिला : सोडायचे कोणते? उपयुक्ततेचा हिशेब मांडला, तर सर्वांत आधी निरोप द्यावा लागतो तो विंचेस्टरसारख्या तरफेच्या रायफलीला. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र तिन्हींत मोलाची वस्तू बहुधा तीच असते.

या रायफलीची रचना पाहिली की तिचे आकर्षण समजते. चापाभोवतीची कडी मागे वाढवून तिचीच तरफ केलेली असते. बोटे अडकवून ती खाली-पुढे ढकलली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि घोडा चढतो. परत ओढली की नळीखालच्या नळकांड्यातील पुढचे काडतूस कोठीत शिरते. दस्ता खांद्यावरून न हलवता हे सारे होते. परंतु प्रत्येक गोळीसाठी हात चालवावाच लागतो. त्यामुळे ही रायफल स्वयंचलित नाही आणि अर्धस्वयंचलितही नाही. भारतीय कायद्यात हा भेद निर्णायक आहे, कारण स्वयंचलित शस्त्रे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहेत आणि अर्धस्वयंचलित शस्त्रांवरही कडक निर्बंध आहेत.

अमेरिकेत 1860च्या हेन्री रायफलीने ही पद्धत रुळवली. पुढे विंचेस्टर कंपनीच्या 1866 आणि 1873च्या नमुन्यांनी तिला लोकप्रियता दिली, तर जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावर बनलेल्या 1894च्या नमुन्याने विक्रीचे उच्चांक गाठले. त्याच्या 70 लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. सैन्यांनी मात्र तिला फारसे जवळ केले नाही. पालथे पडून गोळी झाडणाऱ्या सैनिकाची तरफ जमिनीला अडते. शिवाय नळकांड्यात काडतुसे एकामागे एक टेकलेली असल्याने टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळून स्फोट होण्याचा धोका राहतो. म्हणून तिच्या गोळ्या चपट्या टोकाच्या असतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ब्रिटिश अमदानीत भारतात सर्वत्र दिसणाऱ्या मार्टिनी-हेन्री रायफलीलाही खाली तरफ आहे. पण तिच्यात एका वेळी एकच काडतूस बसते. तरफ दिसली म्हणजे ती विंचेस्टरच, असे नव्हे.

1857च्या उठावानंतर इंग्रजांनी अवधमधून लाखो शस्त्रे गोळा केली आणि नंतर तालुकदारांना त्यांच्या जमिनी व मानमरातब परत देऊन आपलेसे केले. 1878च्या शस्त्र कायद्याने परवान्याची सक्ती आली, तरी संस्थानिक आणि काही मानकऱ्यांना तीतून सवलत होती. शिकार हा या वर्गाच्या प्रतिष्ठेचा भाग ठरला. त्यांची पहिली पसंती इंग्रजी बनावटीच्या दुनळी रायफलींना असे. अमेरिकी तरफेची रायफल त्या मानाने स्वस्त होती. दक्षिणेत नरभक्षक वाघांचा माग काढणारे बंगळुरूचे केनेथ अँडरसन आयुष्यभर .405 बोअरची विंचेस्टर वापरत. तो 1895चा नमुना होता. त्यात नळकांड्याऐवजी पेटी असल्याने टोकदार गोळीचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनीही 1909च्या आफ्रिका सफरीवर हीच रायफल नेली होती.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारी रायफलीचे मूळ प्रयोजनच संपले. 1980च्या दशकात सामान्य नागरिकांसाठी शस्त्रांची आयात बंद झाली. त्यामुळे देशात जितक्या तरफेच्या रायफली होत्या, तितक्यावरच त्यांचा साठा थांबला.

खरी अडचण काडतुसांची आहे. स्वतंत्र भारतात लष्करी बोअरची शस्त्रे नागरिकांना मिळत नसल्याने .315 बोअर हा रायफलींसाठी रूढ पर्याय झाला. ती रायफल इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते आणि तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात बनतात. 1869मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याची ‘केएफ’ ही मुद्रा उत्तर प्रदेशातील परवानाधारकांच्या चांगल्या परिचयाची आहे. पण .30-30, .44-40 किंवा .405 ही विंचेस्टरची काडतुसे तेथे बनत नाहीत. जुनी आयात काडतुसे संपली की रायफल मुकी होते. मिळते ते काडतूस बसावे म्हणून नळी बदलून घेणे हा उपाय नव्हे. परवान्याविना केलेला असा बदल गुन्हा ठरतो आणि जुन्या धातूला नव्या काडतुसाचा दाब पेलवेलच याचीही खात्री नसते.

या प्रश्नाची व्याप्ती उत्तर प्रदेशात सर्वाधिक आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या 2016 अखेरच्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे 33 लाख 69 हजार शस्त्र परवान्यांपैकी सुमारे 12 लाख 77 हजार एकट्या या राज्यात होते.

नोव्हेंबर 2019मध्ये सुधारणा विधेयक संसदेत आले तेव्हा सरकारचा मूळ प्रस्ताव एका व्यक्तीस एकाच शस्त्राचा होता. आक्षेपांनंतर तो दोनवर आला. जादा शस्त्र एका वर्षात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची मुभा देण्यात आली. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. वारसाहक्काने परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडता येत नाही, आणि वारसदारांना जाचणारे कलम हेच आहे. 2016च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, तसेच तो 70 वर्षांचा झाल्यावर किंवा त्याच्याकडे शस्त्र 25 वर्षे असल्यास वारसाच्या नावे परवाना मागता येतो. परंतु त्या वारसाकडे आधीच दोन शस्त्रे असली, तर आजोबांची रायफल त्याच्याकडे येऊ शकत नाही. विकायची म्हटली, तर गिऱ्हाईकाच्या परवान्यावरही जागा रिकामी हवी. वस्तू दुर्मीळ असूनही तिला भाव येत नाही, तो यामुळेच.

फेब्रुवारी 2020मध्ये गृहमंत्रालयाने काहीसा दिलासा दिला. पुराणवस्तू म्हणून गणली जाणारी लहान शस्त्रे बाळगण्यास भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही, असे जाहीर झाले. मात्र ती वापरायची, अंगावर बाळगायची वा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची असतील तर परवाना हवा, आणि परवान्यावर नोंद नसेल तर काडतुसे मिळणार नाहीत. म्हणजे संग्रह करता येईल. नेमबाजी करता येणार नाही. ही विभागणी तर्कशुद्ध आहे, तरी चालवून पाहण्यातच जिचा आनंद आहे त्या यंत्राच्या शौकिनाला ती अपुरी वाटणार.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने 1951मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली आणि देशात नेमबाजीच्या खेळाला शिस्त आली. पण ऑलिंपिकमधील रायफल स्पर्धा 10 मीटर एअर रायफल आणि 50 मीटर .22 बोअर यांच्याच असतात. दोन शस्त्रांच्या मर्यादेतून नेमबाजांना मिळालेल्या सवलतीही खेळातील शस्त्रांसाठी आहेत. अमेरिकेत घोडेस्वार गुराख्यांच्या वेशात तरफेच्या रायफलींच्या स्पर्धा भरतात, तसे व्यासपीठ येथे नाही. लग्नाच्या मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडण्याच्या प्रथेवर तर त्याच सुधारणा कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हींची तरतूद केली आहे.

घरात अशी रायफल असलेल्यांनी निर्णयापूर्वी परवान्यावरील बोअर आणि क्रमांक प्रत्यक्ष शस्त्राशी ताडून पाहणे हिताचे. 1894च्या नमुन्यात क्रमांक कोठीच्या खालच्या बाजूस, पुढच्या टोकाशी कोरलेला असतो. नळीवर ऑगस्ट 1894ची तारीख आढळते, ती पेटंटची आहे. रायफल त्यानंतर कित्येक दशकांनी बनलेली असू शकते.