अंटार्क्टिकातील कोरड्या दऱ्या आणि तांबडा धबधबा

अंटार्क्टिकाचा सुमारे ९८ टक्के भूभाग बर्फाखाली असला, तरी मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत उघडे खडक दिसतात. कारण पर्वतरांगा पठारावरील बर्फ अडवतात आणि उतारावरून कोसळणारे जड, शुष्क वारे, म्हणजेच अधोगामी वारे, पडलेले थोडेफार हिमही न वितळवता थेट बाष्परूपाने उडवून नेतात. त्याहून विलक्षण आहे तो टेलर हिमनदीच्या मुखाशी असलेला, १९११ मध्ये ग्रिफिथ टेलर यांना आढळलेला ‘रक्त धबधबा’: हिमनदीखाली कोंडलेले लोहयुक्त पाणी अतिखारट असल्याने शून्याखालीही गोठत नाही आणि बाहेर येताच हवेतील प्राणवायूमुळे गंजासारखे तांबडे होते. त्या अंधाऱ्या, प्राणवायूविरहित पाण्यातही सूक्ष्मजीव तग धरून आहेत. सूर्यप्रकाशाअभावी ते लोह व सल्फेट यांच्या रासायनिक अभिक्रियांवर जगतात.