नंदुरबार जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालये: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे पुस्तके ठेवलेली इमारत, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळत असली, तरी नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तिचे परिणाम अधिक तीव्रतेने जाणवतात, कारण तेथे वाचक आणि इमारत यांच्यामध्ये डोंगर, घाट आणि काही गावांच्या बाबतीत नर्मदेचे पात्र येते. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव हे मुख्यालय असलेला अक्राणी असे सहा तालुके असून, २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या १६,४८,२९५ लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. ग्रंथालयशास्त्रात सार्वजनिक ग्रंथालयाचे मोजमाप त्याच्या सेवांवरून होते; ग्रंथ घरी नेण्याची सोय देणारा देवघेव विभाग, हव्या त्या माहितीचा शोध घेऊन देणारी संदर्भसेवा, वाचनकक्ष, बालविभाग आणि ग्रंथालयाच्या आवाराबाहेर जाऊन दिली जाणारी विस्तारसेवा, ही त्याची मुख्य अंगे होत. या पाचांपैकी शेवटचे अंग सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे आणि सातपुड्याच्या पट्ट्यात नेमकी त्याचीच सर्वाधिक गरज आहे.

गावातील वाचनालय सरकारी असते, असे अनेक जण गृहीत धरतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. त्यानुसार राज्य पातळीवर ग्रंथालय संचालनालय आणि जिल्हा पातळीवर जिल्हा ग्रंथालय अधिकारी अशी यंत्रणा उभी राहिली. तथापि शासनाने स्वतः चालवलेली ग्रंथालये, म्हणजे मुंबईतील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, विभागीय ग्रंथालये आणि जिल्हा ग्रंथालये, संख्येने थोडी आहेत. राज्यातील अकरा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त ग्रंथालयांपैकी जवळजवळ सर्व स्थानिक लोकांनी स्थापन केलेल्या नोंदणीकृत संस्थांची आहेत. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास अशा निकषांवर त्यांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग ठरतात आणि वर्गानुसार त्यांना दैनंदिन कामकाजासाठी जे वार्षिक साहाय्य मिळते त्याला परिरक्षण अनुदान म्हणतात. २०१२ मध्ये या अनुदानात ५० टक्के आणि २०२२ मध्ये ६० टक्के वाढ करण्यात आली, तरी लहान ग्रंथालयाच्या ग्रंथपालाचे मानधन पूर्ण वेळच्या कामाला साजेसे झाले आहे असे म्हणता येत नाही. काही राज्यांत मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीच राखून ठेवलेला छोटा जादा कर, आकारला जातो. तमिळनाडू, कर्नाटक आणि केरळ ही त्याची उदाहरणे होत. महाराष्ट्राच्या अधिनियमात अशा उपकराची तरतूद नसल्यामुळे येथील ग्रंथालयांचा निधी राज्याच्या अर्थसंकल्पावरच अवलंबून राहतो.

या रचनेमागे मोठी परंपरा आहे. १८२८ मध्ये रत्नागिरीत सुरू झालेल्या ग्रंथालयापासून एकोणिसाव्या शतकात गावोगावी निघालेल्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’पर्यंत मराठी मुलखातील ग्रंथालये वकील, शिक्षक, व्यापारी आणि सरकारी नोकर यांनी वर्गणी काढून उभारली, आणि १९६७ च्या अधिनियमाने त्या उभ्या असलेल्या संस्थांना मान्यता व आधार दिला. परंतु ज्या गावात अशी संस्था स्थापन करण्याइतकी फुरसत, भांडवल आणि कागदपत्रांची सवय असलेला वर्गच नाही, तेथे अनुदान कोणाला द्यायचे, हा प्रश्न त्या रचनेत अनुत्तरित राहतो. तापीकाठच्या सपाटीवरील नंदुरबार आणि शहाद्यासारख्या बाजारपेठांच्या गावांत वाचनालय रुजणे आणि अक्राणीच्या पाड्यांवर ते न रुजणे, याचे कारण तेथील लोकांच्या वाचनाच्या आवडीत शोधणे म्हणूनच अन्यायाचे आहे. कारण आहे ते मदत मिळवण्यासाठी आधी संस्था असावी लागते या अटीत.

दुसरी वाट नंदुरबारच्या सीमेला लागूनच एका शतकापूर्वी चोखाळली गेली होती. नवापूरच्या पलीकडील सोनगढ आणि व्यारा हा भाग तेव्हा बडोदा संस्थानात होता. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केल्यानंतर, शिकलेली माणसे पुस्तकांअभावी पुन्हा निरक्षर होतील हे ओळखून सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि बडोद्यातील मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत जोडलेली व्यवस्था उभारली. गावकऱ्यांनी जमवलेल्या रकमेइतकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच संस्थानाने घालावी, असे सूत्र त्यात होते. शिवाय जेथे ग्रंथालय नव्हते तेथे निवडक पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जात आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्चही संस्थानच करी. फिरत्या ग्रंथालयाची ही कल्पना डोंगरी मुलखाला आजही इतकी लागू पडते की तिचा विसर पडणे ही खेदाची गोष्ट आहे.

साक्षरता कमी असलेल्या भागात ग्रंथालयाची मागणी कमी असते, म्हणून तेथे ते नंतर आले तरी चालेल, हा समज वरवर पाहता तर्काला धरून वाटतो. २०११ मध्ये नंदुरबारचा साक्षरता दर ६४.३८ टक्के, म्हणजे राज्यातील सर्वांत कमी होता. परंतु शाळेत मिळवलेले अक्षरज्ञान पाठ्यपुस्तकाखेरीज काहीच वाचायला न मिळाल्यास क्षीण होते, आणि ज्या घरात पहिलीच पिढी शिकत आहे तेथे पुस्तक विकत आणण्याची प्रथा नसते; अशा ठिकाणी ग्रंथालय हाच मुलाच्या हाती अवांतर पुस्तक पडण्याचा जवळपास एकमेव मार्ग उरतो. युनेस्को आणि ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी मिळून काढलेला सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनामा, जो १९४९ पासून वेळोवेळी सुधारला गेला आणि ज्याची ताजी आवृत्ती २०२२ ची आहे, भाषिक अल्पसंख्याकांसह जे नेहमीच्या सेवेचा लाभ घेऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी खास सेवा देण्याची जबाबदारी ग्रंथालयावर टाकतो.

भाषेचा मुद्दा येथे निर्णायक आहे. जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, देहवाली, कोकणी अशा आदिवासी भाषा आणि त्यांच्या जोडीला अहिराणी व गुजरी बोलल्या जातात. त्यामुळे प्रमाण मराठीतील पुस्तक हे अनेक मुलांसाठी दुसऱ्या भाषेतील पुस्तक असते. या भाषांत लिहिण्यासारखे काही नाही, असे मानणाऱ्यांनी शहादा परिसरातील आदिवासी चळवळीतून पुढे आलेले कवी वाहरू सोनवणे यांची कविता पाहावी, किंवा गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा खंड चाळावा. समूहवाचन, म्हणजे एकाने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकून त्यावर बोलावे ही पद्धत, मौखिक परंपरा जिवंत असलेल्या समाजात परकी ठरत नाही. वाचणाऱ्याने मजकूर मराठीत वाचून पावरीत किंवा भिलीत उलगडून सांगितला, तर निरक्षर आजी आणि चौथीतला नातू एकाच बैठकीत वाचक होतात.

अभ्यासिका आणि ग्रंथालय एकच, हा अलीकडे बळावलेला समज आहे. स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना शांत जागा, वीज आणि टेबल-खुर्ची मिळणे आवश्यकच आहे, विशेषतः ज्यांच्या घरी एकच खोली आहे त्यांना. पण अभ्यासिकेत येणारा बहुधा स्वतःचीच पुस्तके आणतो आणि ग्रंथसंग्रहाला हातही लावत नाही, म्हणून सगळी जागा अभ्यासिकेला देऊन देवघेव विभाग कुलूपबंद ठेवणे हा विकास मानता येणार नाही. त्याचप्रमाणे वर्गणी आणि अनामत, म्हणजे पुस्तकाच्या सुरक्षिततेसाठी घेतली जाणारी परतीची रक्कम, भरल्याशिवाय ग्रंथालयाच्या दारातच जाता येत नाही, हेही खरे नाही. वर्गणी व अनामत हे प्रामुख्याने पुस्तक घरी नेण्याशी संबंधित असतात.

सर्वाधिक गोंधळ डिजिटल वाचनाविषयी आहे. आता सारे काही मोबाइलवर मिळते, त्यामुळे ग्रंथालय कालबाह्य झाले, असे म्हणणाऱ्यांच्या नजरेसमोर बहुधा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ असतात. भारतीय प्रताधिकार अधिनियम १९५७ नुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणून हयात लेखकाच्या विक्रीस असलेल्या कादंबरीची पीडीएफ परवानगीशिवाय वाटणे हे ग्रंथालयसेवेत बसत नाही. याच नियमाची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही: खानदेशात ज्यांच्या आयुष्याचा मोठा काळ गेला ते साने गुरुजी ११ जून १९५० रोजी निवर्तले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी मुक्त आहे आणि ते छापणे, वाटणे किंवा पावरीत भाषांतरित करणे यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. अधिनियमाने ग्रंथालयांना काही खास सवलतीही दिल्या आहेत. नफा न कमावणारे सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडे असलेल्या छापील ग्रंथाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवू शकते आणि भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती स्वतःच्या वापरासाठी करू शकते.

डिजिटल देवघेव म्हणजे ई-पुस्तक ठरावीक मुदतीसाठी उसने मिळणे. अनेकांना वाटते की ई-पुस्तक अमर्याद असल्यामुळे ते एकाच वेळी कितीही जणांना देता येते. प्रत्यक्षात व्यावसायिक ई-पुस्तकाच्या बाबतीत ग्रंथालय प्रतीऐवजी परवाना घेते. सामान्यतः एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक वाचू शकतो, मुदत संपताच पुस्तक त्याच्या उपकरणावरून आपोआप बंद होते आणि काही परवाने ठरावीक काळानंतर पुन्हा विकत घ्यावे लागतात. परदेशातील शहरी ग्रंथालयांत रूढ झालेली ही पद्धत खर्चिक आहे, आणि ड वर्गाच्या ग्रंथालयाकडून तिची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

त्याच्या हाती येते ते खुले साहित्य, आणि ते कमी नाही. मराठी विश्वकोश, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनेक ग्रंथ व बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळांवर विनामूल्य आहेत. २०२४ मध्ये केंद्र सरकारने मुलांसाठी आणि किशोरांसाठी राष्ट्रीय ई-पुस्तकालय सुरू केले, ज्यात भारतीय भाषांतील पुस्तके आहेत. आयआयटी खरगपूरने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हा पुस्तकांचा एक मोठा साठा आहे असे समजले जाते, परंतु ते मुख्यतः शोधसूची आहे, म्हणजे साहित्य मूळ संस्थेकडे असते आणि हे ग्रंथालय त्याचा पत्ता सांगते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या २०१५ मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठावरील बालकथा खुल्या परवान्याखाली असल्यामुळे शिक्षकाला त्या उतरवून घेऊन स्थानिक भाषेत भाषांतर करता येते आणि छापताही येते. मोलगी किंवा धडगाव परिसरातील ज्या पाड्यांवर मोबाइलचे जाळे भरवशाचे नाही, तेथे हे सारे तालुक्याच्या ग्रंथालयात उतरवून मेमरी कार्डावरून किंवा टॅबलेटवरून देणे, हीच खरी डिजिटल देवघेव ठरेल. आणि ते काम जाणत्या ग्रंथपालाशिवाय होणार नाही.

वाचनाचे उपक्रम म्हणजे समारंभ, ही समजूत ग्रंथालयांनी स्वतःच काही अंशी वाढवली आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथदिंडीसह ग्रंथोत्सव भरतो. त्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही, परंतु वाचनाची सवय वर्षभर पुस्तके बदलत राहण्यातून लागते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने विनायक रानडे यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे सोपवली जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते, म्हणजे बडोद्याच्या पेट्यांचेच सूत्र तेथे लोकवर्गणीतून चालते. ही योजना परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचली. तिला अक्राणीपर्यंत पोहोचण्यात तत्त्वतः कोणतीच अडचण नाही.

जिल्ह्यात पेटीसाठी ठिकाणे तयारच आहेत. नंदुरबार आणि तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या अखत्यारीतील आश्रमशाळांत मुले वर्षाचा बराच काळ निवासी असतात. नर्मदाकाठच्या गावांत नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या आरंभापासून चालवलेल्या जीवनशाळा आहेत. आठवडे बाजाराच्या दिवशी दूरदूरच्या पाड्यांवरील माणसे आपणहून एका जागी येतात, आणि पुस्तके बदलण्यासाठी त्याहून सोयीचा दिवस शोधूनही सापडणार नाही. मात्र वेळापत्रक गावाच्या वर्षाप्रमाणे आखावे लागेल. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातमध्ये जातात, त्यांतील पुष्कळ जण होळीला परततात, काही थेट पावसाळ्याच्या तोंडावर. पंधरवड्याच्या मुदतीत पुस्तक परत आले नाही म्हणून अशा वाचकाचे नाव कापणे हा नियमाचा यांत्रिक वापर होईल. स्थलांतरापूर्वी त्याला तीन-चार पुस्तके पूर्ण हंगामासाठी देणे आणि देवघेवीच्या नोंदीत परतीचा दिनांक म्हणून होळीनंतरचा पहिला बाजारवार लिहिणे, हे कोणत्याही ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला एका ठरावाने करता येण्यासारखे आहे.