पातं, पक्कड आणि डिसमिस

ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्या घरातलं कुणी परदेशी जाऊन आलं, त्या घरात चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्यांबरोबर एक लाल मुठीचा छोटा चाकूही यायचा. मुठीवर ढाल, ढालीत पांढरा क्रॉस. आल्यागेल्याला तो उघडून दाखवला जायचा, एकेक पातं नखाने ओढून मोजलं जायचं आणि मग तो कपाटाच्या लॉकरमध्ये सोन्याशेजारी जाऊन पडायचा. त्यातले कितीतरी आजही कोरे करकरीत आहेत. हा चाकू जन्माला आला तो मात्र डबा फोडायला आणि बंदूक खोलायला.

१८८९ साली स्विस सैन्याने श्मिट-रुबिन ही नवी रायफल घेतली. ती खोलून साफ करायची तर डिसमिस हवा. शिध्यात डबाबंद अन्न आलेलं, ते उघडायला काहीतरी हवं. पाव कापायला पातं हवं, कातडी पट्ट्याला भोक पाडायला टोच्या हवा. चार कामांची चार अवजारं वाहणार एकच शिपाई. तेव्हा ती सगळी एका मुठीत बसवायचं ठरलं आणि जानेवारी १८९१ मध्ये या चाकूला ‘मॉडेल १८९०’ असं अधिकृत नाव मिळालं. मूठ गडद ओक लाकडाची होती, आत फक्त चार अवजारं.

गंमत म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये एवढी मोठी मागणी पुरवू शकेल असा एकही कारखाना तेव्हा नव्हता. पहिले १५,००० चाकू जर्मनीतल्या झोलिंगेन गावाहून आले. श्वीत्स परगण्यातल्या ईबाख गावी १८८४ पासून चाकू-सुऱ्यांचा कारखाना चालवणाऱ्या कार्ल एल्सेनर यांना हे खटकलं. त्यांनी देशातल्या कारागिरांची संघटना उभी केली आणि १८९१ मध्येच सैन्याला स्वदेशी चाकू पुरवायला सुरुवात केली. पण झोलिंगेनचा माल यंत्रावर बनायचा आणि स्वस्त पडायचा. सोबती एकेक करून बाजूला झाले, एल्सेनर कर्जात बुडाले आणि दिवाळं निघायची वेळ आली.

त्यांना तारलं ते एका स्प्रिंगने. घडीच्या चाकूच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते. पात्याचं बूड या पट्टीवर दाबून बसतं, म्हणून पातं मिटलेलं असलं की मिटलेलं राहतं, उघडलं की उघडं राहतं आणि मध्ये कुठे लोंबकळत नाही. उघडताना जो ‘टक्’ आवाज येतो तो या पट्टीचा. १८९६ मध्ये एल्सेनरनी एकाच पट्टीवर दोन्ही बाजूंची अवजारं पेलण्याची युक्ती साधली. पोटाकडून पाती उघडायची आणि पाठीकडून बूच काढायचा पीळदार स्क्रू, आणि तेही जाडी न वाढवता. या युक्तीवर बेतलेला अधिकाऱ्यांचा हलका, देखणा चाकू १२ जून १८९७ रोजी नोंदवला गेला. आपल्याकडच्या लॉकरांतला चाकू याच घराण्यातला. सैन्याने तो कधी वाटला नाही. अधिकारी तो पदरमोड करून विकत घ्यायचे. सगळं जग ज्याला ‘आर्मी नाइफ’ म्हणतं तो आर्मीने दिलेलाच नाही!

पुढचा इतिहास थोडक्यात. १९०९ मध्ये एल्सेनर यांच्या आई व्हिक्टोरिया वारल्या आणि कारखान्याला त्यांचं नाव मिळालं. १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं, त्या पोलादाचं ‘इनॉक्स’ हे नाव आईच्या नावाला जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. सैन्य १९०८ पासून निम्मे चाकू वेंगर या दुसऱ्या कंपनीकडून घेत असे. २००५ मध्ये तीही व्हिक्टोरिनॉक्सनेच विकत घेतली.

अवजारं एकत्र बांधायची कल्पना काही स्विस लोकांची मक्तेदारी नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तिसऱ्या शतकातलं एक रोमन अवजार आहे. चांदीचं, घडीचं, त्यात चमचा, तीन दात्यांचा काटा, लोखंडी पातं आणि कोरणी. आपल्या आज्यांच्या पिढीत एका कडीत अडकवलेलं चांदीचं कानकोरणं, दातकोरणं आणि चिमटा असायचा, तो याच जातीचा. पण ही सगळी शौकाची आणि प्रसाधनाची साधनं. मोडलेलं दुरुस्त करायची ताकद त्यांत नव्हती आणि खरं सांगायचं तर लाल चाकूतही ती बेताचीच आहे. घट्ट बसलेला नट फिरवायचा तर पक्कड लागते.

ही पक्कड खिशात आणली टिम लेदरमन या अमेरिकन इंजिनिअरने. १९७५ मध्ये तो आणि त्याची पत्नी चाऊ जुनाट फियाट घेऊन युरोपात फिरत होते. गाडी वारंवार बंद पडायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे आणि लेदरमनच्या खिशात होता नुसता स्काउटचा चाकू. दर वेळी एकच चुटपुट, याला पक्कड असती तर! घरी परतल्यावर त्याने पुठ्ठ्याचे नमुने कापून गॅरेजमध्ये काम सुरू केलं. महिनाभरात होईल असं वाटलेल्या कामाला तीन वर्षं लागली. १९८० मध्ये पेटंट मिळालं, पण गिऱ्हाईक मिळेना. चाकूवाले म्हणायचे, हे तर हत्यार-अवजार, आमचं काम नाही. अवजारवाले म्हणायचे, ही तर गमतीची वस्तू. अखेर स्टीव्ह बर्लिनर या कॉलेजमधल्या मित्राबरोबर त्याने स्वतःच कंपनी काढली आणि १९८३ मध्ये एका कॅटलॉग कंपनीने ५०० नगांची पहिली मागणी नोंदवली. दोघांना वर्षाला ४,००० विकले तरी पुरेसे वाटत होते, पुढच्याच वर्षी जवळपास ३०,००० खपले.

लेदरमनची खुबी मुठीत आहे. पक्कड उघडायची तर दोन्ही मुठी उलट्या फिरतात आणि पक्कड बाहेर येते. मिटल्यावर त्याच मुठी पक्कडीला पोटात घेतात. बाकीची पाती, कानस, करवत, डिसमिस मुठींच्या पन्हाळीत बसतात. आज बाजारात दिसणाऱ्या पक्कडवाल्या साधनांपैकी बहुतेकांची घडण याच कल्पनेवरून निघालेली आहे.

आता आपल्या कामाचं काय, ते बघू. तेहतीस कामं करणारा चाकू दुकानात मोहात पाडतो, पण खिशात तो विटेगत जड होतो आणि आठवड्याभरात ड्रॉवरमध्ये जातो. जवळ नसलेल्या साधनाचा उपयोग शून्य. माझ्या मते एक पातं, एक कात्री, दोन डिसमिस, एक टोच्या आणि चिमटा एवढ्यात माणसाचं भागतं. घरातली दुरुस्ती स्वतः करणाऱ्याने किंवा बाइकवर लांब जाणाऱ्याने पक्कडवालं घ्यावं. नऊ सेंटिमीटरचा लाल चाकू ट्रेकला उत्तम.

ट्रेकचं म्हणाल तर पावसाळ्यात सह्याद्रीत बुटाचा तळ सुटणं ही नेमाची गोष्ट. चाकूच्या पाठीकडच्या टोच्याला एक बारीक नेढं असतं. त्यात जाड दोरा ओवून तळाला दोन-चार टाके घातले की माणूस लंगडत का होईना, पायथ्याशी पोचतो. बूच काढायचा पीळदार स्क्रू आपल्या घरात निरुपयोगी म्हणून सगळे त्याला हसतात. पण भिजून आवळलेली दोरीची गाठ सोडवायला त्याच्यासारखं साधन नाही. टोक गाठीच्या पोटात घालायचं, हलकेच फिरवायचं, गाठ सैल. चिमटा करवंदीच्या काट्याला. तो आणि दातकोरणं मुठीत नुसते खोचलेले असतात, त्यामुळे सगळ्यात आधी हरवतात तेच.

दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. लाल चाकूचं पातं स्प्रिंगच्या दाबावर उभं असतं, त्याला कुलूप नसतं. टोक खुपसून जोर केला की ते मिटतं आणि बोटांवर येतं. खुपसायचं काम टोच्याने, तेही जपून. दुसरं, पक्कडवाल्या साधनाच्या मुठी उघड्या पोलादाच्या असतात. वायरमनच्या पक्कडीवर असतं तसं प्लास्टिकचं वेष्टण त्यांवर नसतं. मेन स्विच बंद केल्याशिवाय विजेच्या कामाला ते हातात घेऊच नये.

सिग्नलला आणि ऑनलाइन मिळणारी ‘अकरा कामांचा हातोडा’ छापाची साधनं दिसायला झकास. पक्कडीचे जबडे मिटून उजेडासमोर धरा. फट दिसली किंवा खिळ्याशी हलवल्यावर डुगडुगलं, तर परत ठेवा. मऊ लोखंडाचा डिसमिस पहिल्याच घट्ट स्क्रूला पीळ खातो. अशा साधनाचं काय होतं ते ॲरन राल्स्टन या गिर्यारोहकाइतकं कुणालाच ठाऊक नसेल. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात एका अरुंद घळीत त्याचा उजवा हात शिळेखाली अडकला. जवळ होतं ते बॅटरीवर फुकट मिळण्याच्या लायकीचं स्वस्त साधन. पात्याची धार गेलेली. हाड कापणं त्याला शक्यच नव्हतं, म्हणून राल्स्टनने आधी हाताची हाडं मोडली, मग पात्याने मांस आणि पक्कडीने स्नायूबंध तोडले. पाच दिवसांहून अधिक काळ तो तिथे होता. डॅनी बॉइलचा ‘१२७ अवर्स’ हा सिनेमा त्याच्यावरचा, संगीत ए. आर. रहमान यांचं.

त्याच्यापुढे ख्रिस हॅडफिल्ड या कॅनडाच्या अंतराळवीराचा प्रसंग हलकाफुलका वाटेल. नोव्हेंबर १९९५ मध्ये अंतराळयान मीर या रशियन स्थानकाला जोडलं गेलं, पण मधलं दार पट्ट्या आणि चिकटपट्टीने इतकं पक्कं बांधलेलं होतं की उघडेना. हॅडफिल्डने खिशातला स्विस चाकू काढला.

निगा सोपी आहे. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत ‘न गंजणारं’ पोलादही सांध्यात गंजतं. कोमट साबणाच्या पाण्यात उघड-मीट करायचं, पूर्ण वाळवायचं आणि सांध्याला शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब. फळं कापत असाल तर खाद्यतेल नको, ते चिकट होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चालतं. खंडेनवमीला अवजारं पुजायची रीत आहेच, तेव्हा वर्षातला एक दिवस तरी ठरलेला असू द्या.

कायद्याचंही एक अंग आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं मोडतात. घरगुती आणि शेतीच्या कामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. खिशातलं दोन-अडीच इंचांचं पातं त्यात बसत नाही. पण सणासुदीला पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, त्यात चाकू बाळगण्यावरही बंदी असते. अशा दिवसांत मिरवणुकीला जाताना तो घरीच बरा. विमानात केबिनच्या बॅगेत चाकू चालत नाही, तो चेक-इनच्या सामानात टाका. तपासणीच्या टेबलावर राहिलेला चाकू परत मिळेल अशी आशा धरू नका.

शेवटी गाडीबद्दल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत काही माणसं स्वतःच्याच गाडीत अडकून गेली. पाण्याने काचांच्या मोटरी आणि सेंट्रल लॉकिंग बंद पडलं. दार का उघडत नाही, याचा हिशेब सोपा आहे. मीटरभर रुंद दाराबाहेर अर्धा मीटर पाणी चढलं आणि गाडी आतून कोरडी असली, तर दारावर सुमारे सव्वाशे किलोंचा भार येतो. त्यानंतर बऱ्याच मुंबईकरांनी गाडीत हातोडी ठेवली. हातोडीपेक्षा सोयीचं साधन म्हणजे पट्टा कापायचं आत लपलेलं पातं आणि काच फोडायचं कडक टोक, दोन्ही एकात.

बाजूच्या टेम्पर्ड काचेचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला गाभा ताणाखाली असतो. एका बिंदूवर कडक टोक लागलं की ती अख्खी बारीक खड्यांत कोसळते. घाव काचेच्या कोपऱ्याजवळ घाला, मधोमध काच लवते. पुढची लॅमिनेटेड काच मात्र फोडायच्या भानगडीत पडू नका, तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि ती तडकली तरी जागची हलत नाही. महागड्या गाड्यांत हल्ली बाजूच्या काचाही तशाच येतात. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये अशी सहा साधनं तपासली. चारांनी टेम्पर्ड काच फोडली, लॅमिनेटेड काच एकालाही फुटली नाही.

तेव्हा या दिवाळीत गाडी धुवाल तेव्हा प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यातला कोरलेला शिक्का वाचा. टेम्पर्ड काच कोणती, लॅमिनेटेड कोणती, हे घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगा. आणि काच फोडायचं साधन डिकीत ठेवू नका, पट्टा बांधलेला असतानाही हात पोचेल अशा जागी ठेवा.