विद्या आणि गुणपत्रिका



वर्गात एखादा विषय रंगात यावा, आणि इतक्यात मागल्या बाकावरून प्रश्न यावा, "सर, हे परीक्षेत येणार आहे का?" "नाही," असे म्हणताच दहा-वीस लेखण्या खाली ठेवल्या जातात. हा अनुभव कोणाही शिक्षकास नवा नाही. परंतु मुलांस दोष देण्यापूर्वी आम्ही स्वतःसच विचारले पाहिजे की, हा प्रश्न त्यांस शिकविला कोणी? घरी वडील विचारतात, "गुण किती मिळाले?" शाळेत आम्ही विचारतो, "नंबर कितवा आला?" तिसरा एक प्रश्न आहे, तो बहुधा कोणी विचारीत नाही. तो कोणता, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. परीक्षा वाईट, नोकरी तुच्छ, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आईबाप पोटाला चिमटा घेऊन शाळेचा खर्च करितात. मुलाने शालान्त परीक्षा चांगल्या रीतीने उतरावी, चार पैसे मिळवावे आणि घराचा भार उचलावा, ही त्यांची अपेक्षा न्याय्य आहे. स्वतः प्रभु येशूने सुताराचे काम केले, आणि पौल प्रेषित तंबू शिवून आपला निर्वाह करी. श्रमाची भाकर ही ख्रिस्ती मनुष्यास लाज आणणारी वस्तु नव्हे.

तथापि पायली निराळी आणि धान्य निराळे. धान्य किती आहे, हे पायलीने कळते. पण पायली शिजवून कोणाचे पोट भरत नाही. गुण ही पायली होय, विद्या हे धान्य होय. शिवाय पायलीत न मावणारे असेही पुष्कळ असते. ह्या बाबतीत आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने आम्हांस एक वही आणून दाखविली. पहिल्या पावसानंतर टाकळा कोठे उगवतो, कुर्डूची भाजी कोवळी केव्हा खुडावी, शेवळाची खाज कशाने मोडते, असे आजीच्या तोंडून ऐकलेले सारे त्याने नीट लिहून काढले होते. सहामाही परीक्षा जवळ आली होती. आम्ही वही चाळून परत दिली व म्हणालो, "ह्याला गुण नाहीत. आधी गणित पाहा." मुलगा आज्ञाधारक होता. त्याने गणित पाहिले, तो उत्तीर्णही झाला; पण ती वही त्याने पुन्हा कधी आणली नाही. त्या दिवशी आम्ही पायली सांभाळली आणि धान्य सांडले.

ख्रिस्ती विद्यार्थ्याने विद्येकडे कसे पाहावे? परमेश्वरावर प्रीति करावयाची ती अंतःकरणाने तशीच बुद्धीनेही करावी, असे शास्त्र सांगते. म्हणजे भूमितीचा सिद्धान्त प्रामाणिकपणे समजून घेणे हीसुद्धा एक प्रकारची उपासनाच आहे. येशू बारा वर्षांचा असता मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता व त्यांस प्रश्न विचारीत होता, असे लूक लिहितो. ते प्रश्न परीक्षेसाठी नव्हते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील दाखला तर सर्वांच्या परिचयाचा आहे. धन्याने एका दासास पाच हजार, दुसऱ्यास दोन हजार व तिसऱ्यास एक हजार दिले. पहिल्या दोघांनी ते दुप्पट केले. येथे एक गोष्ट आमच्या ध्यानी सहसा येत नाही. पाचाचे दहा करणाऱ्याची आणि दोनाचे चार करणाऱ्याची धन्याने अगदी एकाच शब्दांत प्रशंसा केली. त्याने पहिला नंबर व दुसरा नंबर लाविला नाही. दोष लागला तो कमी मिळाले त्यास नव्हे, तर भिऊन जमिनीत पुरून ठेविले त्यास. वर्गात खालच्या क्रमांकावर असलेल्या मुलांनी हे मनात जपून ठेवावे. वरच्या क्रमांकाच्या मुलांनी तर अधिकच जपावे.

ह्या तत्त्वाचे आपल्याच देशातील ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म 1858 साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने आपल्या कन्येस शिकविले. त्या काळी संस्कृत शिकून स्त्रीला कोणती नोकरी मिळणार होती? कोणती पदवी ठेविली होती? काही नाही. तरी ती मुलगी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत करीत राहिली. पुढे दुष्काळात आईबाप गेले. भावासह पायी भटकत ती 1878 साली कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविले.

1883 साली रमाबाई वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास गेल्या. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु कान अधू असल्यामुळे वैद्यकीचे दार त्यांना बंद झाले. आज एखाद्या विद्यार्थ्यास इच्छिलेल्या शाखेत प्रवेश मिळाला नाही, तर घरात सुतक पडल्यासारखे होते. रमाबाईंनी काय केले? चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या, आणि तेथेच स्वतः इंग्रजी, गणित व सृष्टिविज्ञान शिकू लागल्या. 1886 साली अमेरिकेस गेल्यावर बालोद्यानाची शिक्षणपद्धति अभ्यासिली. हे सर्व त्यांनी 1889 साली मुंबईत उघडलेल्या शारदा सदनाच्या आणि पुढे केडगावच्या मुक्ति सदनाच्या कामी आणिले. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक ह्या भाषा शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. साध्या स्त्रियांस कळेल अशी भाषा असावी, हा त्यांचा हेतु होता. ते मुक्ति सदनातील छापखान्यात तेथील मुलींच्याच हातांनी छापले गेले. 1922 साली बाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला. हिब्रू शिकताना त्यांचे वय पाहावे. कोणती गुणपत्रिका त्यांस मिळावयाची होती? ज्या विधवांस व दुष्काळपीडित मुलींस जगाने टाकिले होते, त्यांच्या हाती आपली विद्या द्यावी, एवढाच त्यांचा लाभ.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे. त्यांच्यापाशी पदवी नव्हती. अक्षरे त्या लग्नानंतर शिकल्या. तरी रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली निवर्तल्यावर अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले, आणि त्यांची 'स्मृतिचित्रे' आज मराठीच्या श्रेष्ठ ग्रंथांत गणली जातात.

सर्वांनी रमाबाई व्हावे, असे नाही. परंतु प्रत्येक विद्यार्थ्यास तीन गोष्टी सहज करिता येतील. आठवड्यातून एक तास असे काही वाचावे की जे परीक्षेत येणार नाही. जे आपणांस समजले, ते न समजलेल्या सोबत्यास समजावून सांगावे. त्याने आपले ज्ञान घटत नाही, पक्के होते. आणि घरातील वडीलधाऱ्यांपाशी जी विद्या आहे, शेताची, सुईची, औषधी पाल्याची, ती विचारून घ्यावी. पालकांस एवढीच विनंती की, निकालाच्या दिवशी गुण अवश्य विचारावे. पण तेथेच थांबू नये.

कारण आरंभी सांगितलेला तिसरा प्रश्न हाच आहे: "बाळ, तू काय शिकलास, आणि ते कोणाच्या उपयोगी पडेल?" आम्ही त्या वहीवाल्या मुलास तो विचारला नाही, ह्याची रुखरुख आम्हांस अद्याप आहे. पुन्हा कोणी तशी वही घेऊन आला, तर गणित थोडा वेळ थांबेल. देव तुम्हां सर्वांस सद्बुद्धि व सद्विद्या देवो.