मधुमेह खरा, पण कोणता?

करमाळा तालुक्यातील जेऊर हे सोलापूर-पुणे लोहमार्गावरील स्थानक. तेथील एखाद्या चाळिशीतल्या सडपातळ गृहस्थाची साखर वाढलेली आढळली, तर त्यांना कोणता मधुमेह झाला आहे, याचे उत्तर पहिल्याच भेटीत मिळेल असे नाही.

निदानाचे निकष ठरलेले आहेत. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा एचबीए१सी ६.५ टक्के वा त्याहून अधिक असल्यास मधुमेह मानतात. लक्षणे नसल्यास फेरतपासणी आवश्यक असते. रक्तक्षय असेल, तर एचबीए१सीचा आकडा फसवा ठरू शकतो.

प्रकार ओळखणे त्याहून कठीण. प्रौढ वयात सावकाश उद्भवणारा टाईप-१ आरंभी टाईप-२ सारखाच भासतो. गोळ्या पुरेशा पडेनाशा झाल्या, वजन घटू लागले, की जीएडी प्रतिपिंडे व सी-पेप्टाइड या चाचण्या उपयोगी पडतात. मात्र केवळ सडपातळपणावरून टाईप-२ नाकारता येत नाही. बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही चरबी अधिक असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखविले आहे. कुपोषणाशी निगडित मधुमेह जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गीकरणातून वगळला होता. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्यास 'टाईप-५' म्हणून मान्यता दिली.

तज्ज्ञांचेच वर्गीकरण असे बदलते, तेथे रुग्णाने गोंधळून औषध सोडू नये. सर्व अहवाल जपावेत, साखरेची नोंद ठेवावी. अतिशय तहान, उलट्या वा धाप लागल्यास मात्र निदानाची वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे.