काचबिंदू आणि डावीकडची बाके

वर्गात डाव्या हाताच्या बाकांवर बसायला मुलांची झुंबड का उडते, हे कोडे मला दोन वर्षे सुटले नव्हते. त्या बाजूला खिडक्या आहेत, वारा येतो, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. जिन्यात डावीकडून कोणी नमस्कार केला तर तो माझ्यापर्यंत पोचत नसे, आणि 'सर हल्ली भाव खातात' ही कुजबुज प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत आली होती. घरी डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटे. पत्नी म्हणे, "लक्ष कुठे असतं तुमचं?" लक्ष जागेवरच होते. जागेवर नव्हती ती नजर.

बेचाळिसाव्या वर्षी चाळिशी लागली. पुस्तक हातभर लांब धरावे लागू लागले, म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेलो. डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला. तो साधारणपणे 10 ते 21 असावा लागतो. माझा उजवीकडे 26 आणि डावीकडे 34 निघाला. मग त्यांनी बाहुलीतून आत डोकावून डोळ्याच्या मागची शीर बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, "घरात कुणाला काचबिंदू होता?"

"नाही. वडिलांना मोतीबिंदू होता," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच अडखळलो.

अण्णांना दिसेनासे होऊ लागले तेव्हा ज्याने त्याने एकच सांगितले, 'मोतीबिंदू आहे, पिकू द्या.' एका दवाखान्यातही तेच ऐकायला मिळाले. आम्ही तो पिकायची वाट पाहिली. अण्णा ताटातली कोशिंबीर हाताने चाचपू लागले, तरी आम्ही वाट पाहत होतो. शेवटी शस्त्रक्रिया झाली, मोतीबिंदू निघाला, पट्टी सुटली आणि अण्णांनी विचारले, "दिवा लावलाय का?" सकाळचे दहा वाजले होते. मोतीबिंदूच्या आड दुसराच चोर घरात शिरला होता, आणि मागची शीर कधीच सुकून गेली होती.

मी मराठीचा मास्तर, तेव्हा शब्दावर राग काढण्याचा मला अधिकार आहे. 'मोतीबिंदू' आणि 'काचबिंदू' ही नावे ऐकून कोणालाही वाटेल की हे सख्खे चुलतभाऊ असावेत. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की माणसाला लख्ख दिसू लागते. काचबिंदूत बिंदू नाही आणि काचही नाही. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत झरत असते (अश्रू नव्हेत, ते बाहेरचे) आणि एका बारीक जाळीतून निचरून जाते. मोरीची जाळी तुंबावी तशी ही जाळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि मागच्या शिरेचे तंतू एकेक करून मरतात. असे तंतू दहा लाखांच्या घरात असतात, म्हणून पहिल्या काही लाखांची उणीव भासतच नाही. नजर कडेकडेने जाते, आणि मेंदू इतका सोशिक की ती रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने सारवून घेतो. दुखत नाही, खुपत नाही. एका प्रकारात दाब एकाएकी चढून डोळा असह्य ठणकतो, पण तो निदान ओरडून सांगतो तरी. काहींना तर दाब बेताचा असूनही हा रोग होतो. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही. शीर पाहावी लागते आणि नजरेचा परीघ तपासावा लागतो.

ही परिघाची परीक्षा मजेची आहे. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे टक लावायची आणि कडेला कुठे प्रकाश लुकलुकला की बटण दाबायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, पण या परीक्षेला बसताना तळहाताला घाम फुटला. निकालाच्या कागदावर डाव्या डोळ्याचा बराच भाग काळा होता, आणि उजव्याचीही नाकाकडची बाजू काळवंडू लागली होती. त्या कागदावर मला माझी डावीकडची बाके दिसली.

औषधाचे थेंब सुरू झाले. रात्री नऊचा थेंब घालायचा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरायचा. या औषधाने पापण्यांचे केस लांब होतात. "काजळ तेवढं राहिलंय," पत्नी म्हणाली. दुसऱ्या एका औषधाने नाडी मंदावते. दमेकऱ्याला ते चालत नाही, म्हणून शेजाऱ्याची बाटली उसनी घेऊ नये. दीड वर्ष दाब खाली राहिला. पुढे तो डाव्या डोळ्यात पुन्हा चढला, कागदावरचा काळा भाग वाढला, आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरले नाही.

या शस्त्रक्रियेत पाण्याला नवा पाट काढून देतात. 1909 साली मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयातील रॉबर्ट हेन्री एलियट यांनी डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला बारीक भोक पाडण्याची रीत प्रसिद्ध केली होती. 1968 साली केंब्रिजच्या केर्न्स यांनी त्या भोकावर कवचाचीच एक झडप ठेवून पाणी बेताने झिरपेल अशी व्यवस्था केली. आजही मुख्यतः तीच चालते. माझ्या डॉक्टरांनी आधीच बजावले होते, "गेलेली नजर मी परत देणार नाही. उरलेली राखायचा प्रयत्न आहे."

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर शस्त्रक्रिया झाली. डोळ्याशेजारी सुई, तोंडावर हिरवे कापड, वर एक धूसर उजेड. तासाभराने बाहेर. खरी कसोटी नंतरचीच. वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, डोक्यावरून पाणी नाही. त्या दिवाळीत अभ्यंगस्नान मानेखालीच आटोपले. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, "आता छान दिसत असेल?" मी म्हणे, "नाही, थोडं धूसरच दिसतं." पाहुण्यांचा चेहरा पडे आणि बिचारे माझ्या डॉक्टरांविषयी संशय घेऊन घरी जात. दाब 12 वर आला होता. ती आनंदाची बातमी कोणाला समजावून सांगणार?

पाडव्याला धाकटा भाऊ नाशिकहून आला. हा रोग घराण्यात उतरतो. सख्ख्या भावाबहिणींनी डोळे तपासून घ्यावेत, हे मी त्याला तीन वर्षे सांगत होतो. फराळाचे ताट पुढे ओढत तो म्हणाला, "दादा, मला सगळं दिसतं."

"मलाही सगळं दिसत होतं."

तो गप्प झाला. मग चकली मोडत हळूच म्हणाला, "अण्णांसारखं व्हायचं असेल तर होईल. आतापासून ते डोक्यावर घेऊन कशाला जगू?"

त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मीही रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या हेच म्हणत असे. आतून पत्नी म्हणाली, "भावजी, अण्णांना कुणी सांगितलंच नाही. तुम्हाला सांगितलंय."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "दादा, उजवा बावीस, डावा चोवीस. शीर बरी आहे म्हणाले. पण मंगळवारी ती बटणाची परीक्षा आहे. कशी असते रे?"

म्हटले, "सोपी असते. दिसलं नाही तर उगाच बटण दाबू नकोस."